चिनी वनौषधींची क्रीम: डबी कशी वाचावी, चेहऱ्याला कशी लावावी

घोळाची ताकातली भाजी तुम्ही खाल्ली असेल. हीच घोळ चीनमध्ये 'माछशिएन' या नावाने ओळखली जाते. शब्दशः अर्थ, घोड्याच्या दातांसारख्या पानांची भाजी. तिथेही ती ताटात असते, शिवाय आग होणाऱ्या, लालसर त्वचेसाठीच्या क्रीममध्येही असते. युन्नान प्रांतातल्या कुनमिंगचा विनोना हा ब्रँड तर घोळीच्या अर्कासाठीच नावाजलेला आहे. त्यामुळे 'पॉर्च्युलाका ओलेरासिया' असं भारदस्त नाव डबीवर वाचून दबून जायचं कारण नाही. फक्त ती डबी वाचता यायला हवी.

आधी तक्रार ठरवा, मग झाड

दुकानात गेल्यावर तक्रार शोधू नका, ती घरूनच ठरवून निघा. लाली आणि जळजळ असेल तर घोळ, मंडूकपर्णीतलं मॅडेकॅसोसाइड किंवा ज्येष्ठमधातलं लायकोचॅल्कोन ए बघा. काळे डाग असतील तर ज्येष्ठमधातलंच ग्लॅब्रिडिन बघा. त्वचेतला रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते आवर घालतं. बारीक रेषांसाठी बावचीच्या बियांतलं बाकुचिओल. मुरमं, डाग, सुरकुत्या, कोरडेपणा हे सगळं एकाच डबीत बरं करतो म्हणणारी क्रीम सरळ खाली ठेवा.

लॅटिन नाव वाचा

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. चिनी वैद्यकात ज्येष्ठमधाला 'गानछाओ' म्हणतात, म्हणजे गोड गवत. पण चीनची अधिकृत औषधसंहिता या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या प्रजाती चालवून घेते: ग्लायसिरायझा युरालेन्सिस, इन्फ्लाटा आणि ग्लाब्रा. काढ्यासाठी हे चालत असेल, चेहऱ्यासाठी फरक पडतो. ग्लॅब्रिडिन ग्लाब्रामध्ये सापडतं, लायकोचॅल्कोन ए इन्फ्लाटामध्ये. डागांसाठी म्हणून इन्फ्लाटाची क्रीम घेतली तर चूक क्रीमची नाही.

आपल्याकडेही हा घोळ आहेच. (भाजीचा नव्हे.) 'ब्राह्मी' म्हणून कुणी मंडूकपर्णी देतं, कुणी बाकोपा. क्रीमच्या डबीवर 'सेंटेला एशियाटिका' असेल तर ती मंडूकपर्णी.

मग त्या नावाचा यादीतला क्रमांक बघा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पण एक टक्क्याच्या खालचे कसेही मांडता येतात. झाडाचं नाव सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हच्याही मागे, शेपटाला असेल तर तो अर्क नावापुरताच असण्याची शक्यता मोठी. उलट, शेपटाला असलेलं शुद्ध ग्लॅब्रिडिन कामाचं असू शकतं, कारण ते फार थोडं लागतं. म्हणून 'अर्क' या शब्दापेक्षा संयुगाचं नाव आणि टक्केवारी छापणारा उत्पादक मला जास्त भरवशाचा वाटतो.

बावचीचं प्रकरण

बाकुचिओल ज्या बियांतून येतं ती आपली बावची. चिनी भाषेत 'बूगूझी'. ली शिझेन यांच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या 'बेनछाओ गांगमू' या ग्रंथात नोंद आहे की परदेशी लोक तिला 'पोगूझी' म्हणतात. संस्कृतातली 'वाकुची' कानात असेल तर हे नाव कुठून गेलं ते सांगावं लागत नाही. पुढची गंमत पुण्याची आहे. बाकुचिओल हे संयुग बियांतून वेगळं काढून त्याची ओळख पटवली ती १९६६ मध्ये, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. सुख देव यांच्या गटाने.

आज ते रेटिनॉलला, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावल्या जाणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाला, पर्याय म्हणून विकलं जातं. ४४ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका चाचणीत दोन्हींनी सुरकुत्या आणि डाग साधारण सारखेच कमी केले. कोंडा सुटणं आणि झोंबणं रेटिनॉल लावणाऱ्यांत जास्त होतं. ४४ हा आकडा काही मोठा नाही, पण ज्यांना रेटिनॉल सोसत नाही त्यांनी करून बघायला हरकत नाही. त्या चाचणीत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा लावलं होतं, तेच प्रमाण शोधा. गरोदरपणात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि हे कृपया करू नका: काष्ठौषधीच्या दुकानातून बावची आणून, वाटून चेहऱ्याला लेप. त्या बियांत सोरालेनही असतं. ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात. कोडावरच्या उपचारात याच गुणाचा उपयोग करतात, पण वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली. शुद्ध बाकुचिओल वेगळं, बी वेगळं.

विकणारा कोण ते बघा

भारतात कायदेशीर आयात झालेल्या डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक असतो. नसेल तर घेऊ नका, मैत्रिणीने हाँगकाँगहून आणली असली तरी. चिनी डब्यांवर तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते. ती बनवल्याची आहे की मुदत संपल्याची, तेही तपासा.

'फक्त वनस्पती' या शब्दांवर विसंबू नका. १९९९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका तपासणीत ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं. ओळखायची खूण अशी: दोन-तीन दिवसांत जादू झाल्यासारखा चेहरा स्वच्छ होतो आणि लावणं थांबवलं की आधीपेक्षा जास्त उसळून येतं. झाडपाला इतका घाईत नसतो. अशी क्रीम बरेच दिवस लावली असेल तर डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गोरं करण्याचा दावा करणाऱ्या, पत्ता नसलेल्या क्रीममध्ये पाऱ्याचीही भीती असते, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

आता लावा

आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. एकदा लावून 'काही झालं नाही' म्हणणं पुरेसं नाही, काही ॲलर्जी उशिरा उठतात. खाज, पुरळ, सूज आली तर तिथेच थांबा.

चेहऱ्यावर नेताना एका वेळी एकच नवी वस्तू. चेहरा धुऊन, ओलसर असतानाच सीरम, त्यावर साधं मॉइश्चरायझर, सकाळी सर्वांत वर सनस्क्रीन. डागांसाठी काही लावत असाल आणि सनस्क्रीन नसेल, तर एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने रंगवायचं असं होतं.

घरी काढा करून स्प्रेच्या बाटलीत भरायचा मोह टाळा. पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणजे फ्रिजमध्येही त्यात जंतू वाढणारच. हिरव्या चहाचं विकतचं सीरमसुद्धा हवा-उजेड लागून तपकिरी होत जातं. म्हणून काचेच्या पारदर्शक बाटलीपेक्षा गडद, पंपाची बाटली बरी.

पहिल्या दिवशी खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा आणि थेट १२ आठवड्यांनी दुसरा काढा. मधे रोज आरशात शोधत बसू नका. फरक दिसला नाही आणि त्रासही झाला नाही, तर उरलेली डबी कोपरांना आणि टाचांना लावून संपवा.