भरती बघून बाजार: घारापुरीसारख्या बेटावर दिवस कसा आखावा

घारापुरी मुंबईच्या गेटवेपासून जेमतेम दहा किलोमीटर. रात्री शहराचे दिवे दिसतात, उरणची बाजू तर त्याहून जवळ. पण बेटावर राहायला आलेल्या माणसाला, मग ती नवी सून असो की बदलून आलेले गुरुजी, हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. भोवताली उथळ पाणी आणि चिखल. समोरच्या मोरा बंदरातही गाळामुळे ओहोटीला लाँच लागत नाही. म्हणून आधी पाण्याची वेळ काढायला शिका, मग गॅस, किराणा, दवाखाना सगळं त्या वेळेवर बसवा.

वेळ काढायला दिनदर्शिका पुरते. त्या दिवशीची तिथी घ्या आणि पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला पूर्ण भरती. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. पाऊणपट तोंडी करायला सोपी, पण पौर्णिमेकडे जाताना ती मागे पडते. नेमकी वेळ हवी तर तिथीला ४८ मिनिटांनी गुणा. पंचमीला चार वाजतात, अष्टमीला सहा चोवीस, पौर्णिमेला बरोबर बारा. भरतीनंतर सहा तास बारा मिनिटांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

हा अंदाज आहे. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की अर्धा-पाऊण तास सहज चुकतो. गर्भार बाईला न्यायचं असेल किंवा जड माल आणायचा असेल, तेव्हा छापील भरतीचं कोष्टक बघाच; मुंबईचं कोष्टक अपोलो बंदराचं असतं, ते इथे चालतं. कोष्टकातला मीटरचा आकडा म्हणजे धक्क्याजवळची खोली नव्हे. ती एका ठरलेल्या शून्य रेषेपासूनची उंची असते. त्यापेक्षा धक्क्याच्या खांबावर स्वतःची खूण करा: कालवांच्या पट्ट्यापर्यंत पाणी उतरलं की तुमची होडी तळाला लागते का, हे दोन-चार वेळा बघून रंगाचा एक पट्टा मारा. पुढे वर्षभर तो पट्टाच उत्तर देतो.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण. त्यातही सगळ्यात मोठं पाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. तेव्हा दुपारी बारा-एकला पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना भिडतं आणि सकाळ-संध्याकाळ सहा-सातला चिखल दूरवर उघडा पडतो. अष्टमी-नवमीला भांग, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. जड सामानासाठी भांगाचे दिवस चांगले, कारण धक्का आणि होडी यांच्यातली उंची फारशी बदलत नाही.

पाणी एकसारखं चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. सहा तासांचे बारा वाटे केले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. उधाणाला चार मीटर फरक असेल तर मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी हलतं. ओहोटीला दोर ताठ बांधून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत होडी दोराला लटकते नाहीतर कलंडते. दोर लांब सोडा.

आता बाजाराचा दिवस. समजा पंचमी आहे. भरती पहाटे चारला आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, सुकती सव्वादहाला. सकाळी सहापर्यंत बेट सोडा आणि परतीला अडीचनंतर निघा, म्हणजे पाणी चढतं असेल. चढत्या पाण्यात होडी रुतली तर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली तर मात्र अडकलात: भरतीनंतर दोन तासांनी रुतलेली होडी पुढच्या भरतीच्या दोन तास आधी निघते, म्हणजे साडेआठ तास चिखलात. भरलेली होडी ओहोटीवर कधीच आणू नये, तांडेल कितीही जुना असला तरी.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. दुपारनंतर समुद्राकडून खारं वारं सुटतं. उधाणाच्या दिवसांत तेव्हाच ओहोटी लागलेली असते. पाणी बाहेर धावतं, वारा आत येतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. त्या दिवसांत दोनच्या आत घरी या.

सामान लावताना सगळ्यात जड वस्तू मधोमध आणि तळाला, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी हलकी. सिलिंडर उभा, टोपी घट्ट, बांधलेला. सिमेंटच्या पोत्यावर प्लास्टिक घालताना खालूनही घाला. होडीच्या तळाला पाणी असतंच आणि तेच पोतं खालून धरतं. चढताना लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाऊल टाका, खलाशाचा पंजा नव्हे तर मनगट धरा. होडी आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय कधीही नको. मूल कडेवर असेल तर आधी ते दुसऱ्याच्या हाती द्या.

घारापुरीत २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज आली, तरी पंपाच्या भरवशावर राहू नका. पागोळीचं पाणी साठवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटरची सर आली तर गळती धरून २४० लिटर मिळतं. लांब उघडीप झाल्यानंतरच्या पहिल्या सरीचं साठेक लिटर वाहू द्या, त्यात कावळ्यांची घाण असते. पाच माणसांना प्यायला-शिजवायला दिवसाला २५ लिटर धरलं तर हजार लिटरची टाकी चाळीस दिवस पुरते. पाणी निर्जंतुक करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत ओता आणि तासभर थांबा. गाळासकट ओतलं तर पाणी जड होतं आणि डाळ शिजत नाही. पावडरचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो, मग कितीही टाका.

पावसाळ्याची बेगमी मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा, नंतर होड्यांचा नेम नसतो. रोजची औषधं किमान पंधरा दिवसांची जादा ठेवा. सुके बोंबील आणि जवळा कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवा, पण उन्हातून उचलून तसेच डब्यात भरू नका. आधी सावलीत पूर्ण निवू द्या. गरम भरले तर डब्याला आतून घाम येतो आणि आषाढ लागायच्या आत बुरशी धरते.