इनब्रेड उंदरांची कॉलनी सांभाळताना या चुका टाळा

‘प्रयोगासाठी सी५७बीएल/६ उंदीर वापरले.’ प्रबंधात एवढंच लिहून पुढे गेलेला विद्यार्थी दिसला की त्याला तिथेच थांबवावंसं वाटतं. सी५७बीएल/६ ही प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांची इनब्रेड स्ट्रेन, म्हणजे सख्ख्या भावाबहिणींच्या मीलनातून वाढवलेला वाण, आणि तिच्या दोन शाखा आहेत. कोणते वापरले? ‘जे’ की ‘एन’?

हा प्रश्न किरकोळ नाही. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीतून ही स्ट्रेन १९५१ मध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे गेली आणि तेव्हापासून दोन्ही शाखा वेगवेगळ्या वाढल्या. आज ‘६जे’ उंदरांमध्ये एनएनटी या जनुकाचे पाच एक्सॉन (प्रथिनाचा आराखडा देणारे तुकडे) गायब आहेत. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम बनवतं आणि इन्शुलिन स्रवण्याशी त्याचा संबंध आहे. ‘६एन’मध्ये ते शाबूत आहे, पण तिथे सीआरबी१ जनुकात आरडी८ हा दोष आहे, त्याने डोळ्याचा पडदा बिघडतो. आता समजा तुमचा नॉकआउट (एक जनुक मुद्दाम बंद केलेला उंदीर) ‘६एन’वर बनलेला आहे आणि कंट्रोल (तुलनेचे उंदीर) म्हणून तुम्ही ‘६जे’ विकत आणलेत. ग्लुकोज टॉलरन्समध्ये (शरीर साखर कशी हाताळतं त्यात) फरक दिसेलही, पण तो तुमच्या जनुकाचा असेल की एनएनटीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून स्ट्रेनचं पूर्ण नाव, पुरवठादाराच्या कोडसकट, केज कार्डावर आणि शोधनिबंधात लिहा. कंट्रोल शक्यतो त्याच वेतातली भावंडं घ्या.

‘इनब्रेड म्हणजे कायमचं एकसारखं’ हा समज तर सगळ्यात घट्ट बसलेला असतो. सलग २० पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचं मीलन घडवलं की स्ट्रेन इनब्रेड मानली जाते. तोवर साधारण ९८.६ टक्के जनुकस्थानं एकजिनसी (दोन्ही प्रती सारख्या) झालेली असतात. पण नवी म्युटेशन (जनुकांतले बदल) व्हायची थांबत नाहीत. बंदिस्त कॉलनीत ती नकळत पक्कीही होतात. मूळ कॉलनीपासून २० पिढ्या तुटलेली कॉलनी ही वेगळी सबस्ट्रेन (उपशाखा) धरावी लागते. उपाय खर्चिक आहे, पण सोपा आहे. दर पाच ते दहा पिढ्यांनी मूळ स्रोताकडून नवी जोडी आणा. पिढीचा क्रमांक कार्डावर ठेवा आणि महत्त्वाच्या स्ट्रेनचे भ्रूण किंवा शुक्राणू वेळेत गोठवून ठेवा. जॅक्सन लॅबोरेटरी स्वतःच्या मुख्य स्ट्रेन गोठवलेल्या भ्रूणांपासून ठरावीक पिढ्यांनी पुन्हा सुरू करते, ते यासाठीच.

‘दहा बॅकक्रॉस झालेत, आता काळजी नको’

इथे मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण या चुकीने भलेभले फसले आहेत. जुने नॉकआउट बहुतेक १२९ नावाच्या स्ट्रेनच्या स्टेम पेशींपासून बनवले गेले आणि मग सी५७बीएल/६वर बॅकक्रॉस केले गेले, म्हणजे दर पिढीत पुन्हा सी५७बीएल/६शीच जुळवले गेले. दहा पिढ्यांनंतर ९९.९ टक्के जीनोम बदलतो हे गणित खरं आहे, पण फक्त तुमच्या जनुकापासून लांब असलेल्या भागांसाठी. दर पिढीत आपण तेच म्युटेशन निवडत राहतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंचा १२९चा तुकडा सोबत येत राहतो. दहाव्या पिढीतही तो सरासरी २० सेंटीमॉर्गनच्या (क्रोमोसोमवरचं अंतर मोजायचं एकक) आसपास असतो, म्हणजे त्यात शेकडो जनुकं मावतात.

कॅस्पेस-१ या जनुकाचा नॉकआउट हे याचं ठळक उदाहरण. सेप्सिसवरच्या (जंतुसंसर्गाने शरीर कोलमडणं) अभ्यासात हे उंदीर वर्षानुवर्षं वापरले गेले. २०११ मध्ये उघड झालं की १२९ स्ट्रेनमध्ये शेजारचं कॅस्पेस-११ आधीपासूनच बिघडलेलं होतं आणि दोन्ही जनुकं इतकी जवळ आहेत की बॅकक्रॉसने ती सुटी होत नाहीत. एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या विषाच्या) मारापासून उंदीर वाचत होते, त्याचं श्रेय कॅस्पेस-१च्या अभावाला दिलं गेलं होतं. त्यातला मोठा वाटा कॅस्पेस-११चा निघाला.

भावंडांना कंट्रोल घेऊनही ही अडचण सुटत नाही, कारण तो तुकडा म्युटेशनबरोबरच वाहून येतो. जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) तपासा. शंका उरलीच तर क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने तेच म्युटेशन थेट सी५७बीएल/६मध्ये बनवून निष्कर्ष पडताळा. आणखी एक: बॅकक्रॉससाठी वाहक (म्युटेशन बाळगणारा उंदीर) नेहमी नरच निवडलात तर जुना वाय क्रोमोसोम तसाच राहतो, नेहमी मादी निवडलीत तर जुना मायटोकॉन्ड्रिया. एकेकदा तरी बाजू बदला.

रंगावर विसंबणं

बाल्ब/सी या पांढऱ्या स्ट्रेनच्या पिंजऱ्यात करडी-तपकिरी पिल्लं दिसली की काळा उंदीर शिरल्याचं लगेच कळतं. पण बाल्ब/सी आणि एफव्हीबी या दोन्ही स्ट्रेन पांढऱ्या, त्यांची संकरित पिल्लंही पांढरीच. काळ्यात काळं मिसळलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. १९९७ मध्ये १२९/एसव्हीजे ही नावाजलेली स्ट्रेनसुद्धा भेसळ झालेली आढळली आणि तिचं नाव बदलावं लागलं. त्यामुळे वर्षातून एकदा तरी एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांची) तपासणी करा. जमिनीवर सापडलेला उंदीर कितीही ओळखीचा वाटला तरी पिंजऱ्यात परत ठेवू नका.

पिल्लं होत नाहीत, झाली तर टिकत नाहीत

सी५७बीएल/६च्या माद्या पहिलं वेत बरेचदा गमावतात. एवढ्यावरून जोडी बाद करू नका. घरटं करायला भरपूर कागद किंवा कापूस द्या आणि पहिले काही दिवस पिंजरा उघडू नका. अंधाराच्या तासांत दाराच्या फटीतून उजेड येतो का तेही बघा. आपल्या कानांना न ऐकू येणारा उपकरणांचा अल्ट्रासॉनिक आवाजसुद्धा माद्यांना त्रास देतो.

माद्या एकत्र कोंडल्या की त्यांचं ऋतुचक्र मंदावतं. नराच्या पिंजऱ्यातलं थोडं बेडिंग (तळाचं अंथरूण) टाकलं की ते पुन्हा सुरू होतं आणि तिसऱ्या रात्री सर्वाधिक माद्या माजावर येतात. उलट, नुकत्याच फळलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर गर्भ रुजत नाही, म्हणून त्या दिवसांत नर बदलू नका. विण्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो. २१व्या दिवशी पिल्लं वेगळी केली नाहीत तर नव्या वेतावर जुनी पिल्लं चढतात. वेगळी करताना नर-मादी ओळखण्यात चूक झाली तर सहा आठवड्यांत नको ती गर्भधारणा होते आणि वंशावळ तुटते.

एका वेतावरून निष्कर्ष

दोन वाहकांच्या जोडीला आठ पिल्लं झाली आणि त्यात एकही होमोझायगस (जनुकाच्या दोन्ही प्रतींत म्युटेशन असलेलं) नाही, म्हणून ‘म्युटेशन भ्रूणातच मारक’ असं लिहून मोकळं होऊ नका. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता १० टक्के आहे. सोळा पिल्लांमध्ये ती १ टक्क्यावर येते. हेच गणित संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधी मांडा: दहा होमोझायगस हवे असतील तर किमान चाळीस पिल्लं धरावी लागतील. नियोजन चुकलं तर उरलेले निरोगी प्राणी विनाकारण मारावे लागतात.