जुन्या डायलच्या फोनवरून टेलिफोन एक्सचेंज समजून घ्या, घरच्या घरी

माळ्यावर गोल डायलचा जुना फोन पडलाय? भंगारवाल्याला देऊ नका, एक्सचेंज आतून कसं चालतं हे कळायला त्याच्याइतकी भारी वस्तू नाही. तांब्याची लँडलाइन अजून चालू असेल तर उत्तम. नसेल तरी सोसायटीचा इंटरकॉम असतोच की, वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर तो जो डबा लावलेला असतो ना, ईपीएबीएक्स म्हणतात तो, ते एक छोटं एक्सचेंजच आहे. सेक्रेटरींना विचारून एका लाइनवर फोन जोडा आणि सुरू करा.

आधी रिसीव्हर न उचलता मल्टीमीटर डीसीवर ठेवून दोन वायरींवर लावा. एक्सचेंजच्या लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास दिसतील, इंटरकॉमवर बऱ्याचदा कमी. मात्र रिंग वाजत असताना वायर उघड्या हाताने धरू नका, रिंगचे ७५ व्होल्ट एसी असतात आणि चांगला झटका बसतो. आता रिसीव्हर उचला, व्होल्टेज धाडकन खाली येईल. म्हणजे फोनने सर्किट पूर्ण केलं, लाइनमधून करंट वाहायला लागला आणि तिकडे एक्सचेंजला कळलं की कोणीतरी फोन उचललाय, मग ते डायल टोन देतं, म्हणजे ‘बोला, कुठला नंबर?’ एवढंच. बाय द वे, एक्सचेंजच्या बॅटरीचं प्लस टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि लाइनवर मायनस ४८ जातात, कारण त्याने जमिनीखालच्या केबलचं तांबं कमी गंजतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे किती कामाचं ते लाइनमनना विचारा.

मुंबईत पहिलं एक्सचेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा हे सगळं काम माणूस, म्हणजे ऑपरेटर, करायचा. नंबर विचारायचा, ती लाइन मोकळी आहे का बघायचं, कॉर्ड जॅकमध्ये खुपसायची, समोरच्याला रिंग द्यायची, बोलणं संपलं की कॉर्ड काढायची. ही कामांची यादी लक्षात ठेवा, कारण पुढे जी मशीन आली ती सगळी हेच करतात, फक्त कशी करतात ते बदललं.

आता खरी मजा. डायल फिरवू नका, रिसीव्हर ज्याच्यावर ठेवतो तो खटका बोटाने टकटक दाबा. ५ हवा तर पाच वेळा, ० हवा तर दहा वेळा, भरभर आणि एका लयीत, दोन आकड्यांच्या मध्ये जरा थांबायचं. फार वेळ दाबून धरलं तर एक्सचेंज समजेल फोन ठेवला. तुमचं एक्सचेंज किंवा डबा पल्स, म्हणजे ही टकटक, घेत असेल तर नंबर लागतो, डायलला हात न लावता! कारण डायलसुद्धा एवढंच करते, सुटून परत येताना सेकंदाला साधारण दहाच्या स्पीडने सर्किट तोडते-जोडते.

या टकटकीवरच स्ट्रोजर एक्सचेंज चालायचं. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यसंस्काराचं सामान पुरवणारा माणूस, ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे, १८९१ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला पहिलं एक्सचेंज चालू झालं. यात तुमचा पहिला आकडा ४ असेल तर सिलेक्टर नावाचं यंत्र खट-खट-खट-खट चार पायऱ्या वर चढायचं, मग स्वतःच आडवं फिरून पुढची मोकळी वायर शोधायचं, त्या वायरवर दुसरा सिलेक्टर, तो पुढच्या आकड्यावर चढणार, आणि शेवटचे दोन आकडे फायनल सिलेक्टर घेणार, दहा पायऱ्या वर आणि प्रत्येकीवर दहा जागा म्हणजे शंभर फोन. नंबर हाच रस्ता. वाटेत कुठे सगळ्या वायर भरलेल्या असतील तर तिथेच एंगेज टोन, दुसऱ्या वाटेने जायची सोयच नाही. आणि बोलणं संपेपर्यंत ती सगळी यंत्रं तुमच्यासाठी अडकलेली.

मला विचाराल तर खरी उडी कॉम्प्युटरच्या आधीच पडली, क्रॉसबार नावाच्या, स्ट्रोजरच्या पुढच्या एक्सचेंजमध्ये. तिथे रजिस्टर नावाचा भाग आधी पूर्ण नंबर लिहून घेतो, मग मार्कर नावाचा दुसरा भाग मोकळा रस्ता शोधून आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या छेदावर जोडणी करतो आणि हे दोघंही लगेच दुसऱ्या कॉलकडे वळतात. डोकं वेगळं, रस्ता वेगळा. आपल्याकडे आयटीआयने, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीने, पेंटाकॉंटा जातीची क्रॉसबार एक्सचेंज बनवली.

मग डिजिटल. फ्रान्सच्या तंत्रावरची ई-१०बी नावाची एक्सचेंज यूपीत मनकापूरच्या आयटीआय कारखान्यात बनायची, आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेने गावांसाठी १२८ लाइनींचं छोटं एक्सचेंज काढलं. इथे रस्ता म्हणून वायर जोडलीच जात नाही. तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, प्रत्येक मोजमाप ८ बिटांचं, म्हणजे ६४ किलोबिट. अशा ३० जणांचे आकडे एका लाइनवर आळीपाळीने येतात, स्विच ते मेमरीत आलेल्या क्रमाने टाकतो आणि वेगळ्या क्रमाने उचलतो, पोस्टात टपाल खणांमध्ये लावतात तसं. क्रम बदलला की कॉल जोडला गेला, झालं!

आता कानाने तपासा. कोणाला तरी समोरच्या फोनजवळ बसवा आणि रिंग द्या. तुम्हाला ऐकू येणारी ट्रिंग-ट्रिंग आणि तिकडे वाजणारी घंटा जुळतेच असं नाही, कारण तुमच्या कानातला आवाज ही एक्सचेंजने दिलेली वेगळी टोन आहे.

मुंबईचे नंबरही वाचून बघा. एमटीएनएलच्या जुन्या नंबरांत २२ म्हणजे फोर्टकडचा, २४ दादरकडचा, २६ वांद्रे-अंधेरी, २८ गोरेगाव-बोरिवली, २५ घाटकोपर-मुलुंड-ठाणे, २७ नवी मुंबई. आकड्यावरून एरिया ठरायची ही पद्धत स्ट्रोजरच्या काळातली, आताच्या मशीनला त्याची गरज नाही, तिच्यासाठी नंबर म्हणजे टेबलातली एक नोंद.

घरी फायबर असेल तर गोष्ट अजून बदलते. तिथे फोन राउटरच्या मागच्या पोर्टला लागतो, डायल टोन तो डबाच तयार करतो, आवाज पॅकेट होऊन जातो आणि कॉल सांभाळतं कुठल्यातरी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर. लाइट गेली आणि डब्याला बॅकअप नसेल तर फोनही बंद, तांब्याच्या लाइनला एक्सचेंजच्या बॅटरीचा करंट मिळायचा म्हणून ती चालू राहायची. अशा पोर्टवर टकटक चालेलच असं नाही, बरेच डबे पल्स ओळखतच नाहीत, मग बटणांचा फोन लावा आणि त्याच्या खाली किंवा बाजूला पल्स-टोनचा छोटा स्विच असतो तो टोनवर सरकवा, म्हणजे टकटकीऐवजी प्रत्येक बटणाचा वेगळा सूर जाईल.