ट्रेलर ब्रेक कंट्रोलर घेण्याआधी डॅशखाली डोकावा

अमेरिकेत कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढायला पिकअप घेतला, की ब्रेक कंट्रोलर, म्हणजे पिकअपमधून ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारं यंत्र, बहुधा नुसती किंमत पाहून उचलला जातो. आधी एवढं तपासा.

१. पिकअपच्या मागचं, ट्रेलरची वायर जोडायचं सॉकेट बघा. चपटं, चार पिनांचं असेल तर त्यावर फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेकला सात पिनांचं लागतं.

२. स्टिअरिंगच्या खाली, डॅशच्या आत टॉर्च मारा. टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची कंपनीची सामग्री) असलेल्या बऱ्याच पिकअपना तिथे कंट्रोलरसाठी सॉकेट कंपनीतूनच येतं. आपल्या मॉडेलची तयार वायर घेतली की झालं. वायरी कापाकापी करायला मेकॅनिकला पैसे द्यायचं कारण नाही.

३. ट्रेलरचे ब्रेक कोणते, ते विचारा. इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक (विजेच्या इशाऱ्यावर, पण द्रवाच्या दाबाने लागणारे) असतील तर ते चालतात असं खोक्यावर लिहिलेलं हवं. बोटीच्या ट्रेलरला पुष्कळदा सर्ज ब्रेक (पिकअप मंदावला की ट्रेलरच्या पुढे रेटण्याने आपोआप लागणारे) असतात, त्यांना कंट्रोलर लागतच नाही!

कंट्रोलरचा टाइम-डिलेड प्रकार स्वस्त असतो, पण तुम्ही हळू थांबताय की करकचून, हे त्याला कळत नाही. तो ठरलेल्या गतीनेच जोर वाढवत नेतो. प्रपोर्शनल कंट्रोलर पिकअप जितका झपाट्याने मंदावेल तितकाच ब्रेक ट्रेलरला लावतो. डोंगराळ रस्ता असेल तर मी प्रपोर्शनलशिवाय दुसऱ्याचा विचारच करणार नाही. फक्त बसवताना कोन आणि दिशा माहितीपत्रकाप्रमाणेच ठेवा.

सावधान: ट्रेलरमधलं वजन बदललं की गेन (ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा, ते कंट्रोलरवरचं सेटिंग) पुन्हा लावा. भरलेल्या ट्रेलरचा गेन रिकाम्यावर तसाच राहिला, तर चाकं जाम होऊन ट्रेलर घसरतो.