ग्रेहाउंडचा फॉर्म वाचताना या चुका टाळा

लातूरकडे कारवानी कुत्र्यांची पारख असलेली जुनी माणसं आहेत. छाती किती खोल, कंबर किती बारीक हे बघून ती कुत्र्याचा पळ सांगतात. पण मोबाइलवर ब्रिटनमधली ग्रेहाउंड या शर्यतीच्या कुत्र्यांची शर्यत बघताना ही नजर पुरत नाही. तिथं साही कुत्री तितकीच सडपातळ असतात. खरा फरक रेसकार्डात, म्हणजे प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या शर्यतींची नोंद (फॉर्म) असलेल्या कागदात असतो.

पैशाचं आधीच सांगतो. आपल्याकडे कुत्र्यांच्या शर्यतीवर पैज लावणं कायद्यात बसत नाही, आणि 2025 च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. ‘पैजेचा आयडी देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अभ्यास वहीवर करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते नंबर वाचणं. मागच्या शर्यतींत 5, 4, 5 दिसलं की लोक कुत्रं बाद करतात. शेजारी आखूड अक्षरांत शेरा असतो, तो कुणी वाचत नाही. सुटायला उशीर, पहिल्या वळणावर गर्दीत अडकलं, शेवटी जोरात आलं, असा शेरा असेल तर तो पाचवा नंबर मला मोकळ्या वाटेनं आलेल्या दुसऱ्या नंबरापेक्षा मोलाचा वाटतो. बऱ्याच शर्यतींचा निकाल पहिल्या वळणावरच लागतो. म्हणून सुरुवातीच्या टप्प्याची वेळ, म्हणजे सेक्शनल, आधी बघा.

त्यालाच जोडून पेटी, म्हणजे कुत्रं जिथून सुटतं तो खण. लाल जाकीट 1 नंबरचं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं 6 नंबरचं. ‘आज लाल चालतंय’ याला काही अर्थ नाही. कुत्रं आतल्या कडेनं पळतं की बाहेरून, आणि शेजारचं त्याला आडवं येईल का, हे बघायचं.

वेळेची तुलना करताना ट्रॅकची स्थिती विसरू नका. शंकरपटात ओल्या रानावरची वेळ कोरड्या रानावरच्या वेळेशी कुणी लावत नाही, तसंच हे. समजा जिंकलेल्याची वेळ 29.60 सेकंद आणि गोइंग, म्हणजे ट्रॅकच्या स्थितीचा आकडा, उणे 20 (0.20 सेकंद). मग ट्रॅक जड होता, हिशेबाची वेळ 29.40. एका लांबीला, म्हणजे कुत्र्याच्या अंगाएवढ्या अंतराला, 0.08 सेकंद धरतात. त्या शर्यतीत पाच लांब्या मागे राहिलेल्याची वेळ 0.40 नं वाढवून 29.80 येते.

ग्रेड, म्हणजे शर्यतीचा दर्जा, बघायला फार वेळ लागत नाही. ए1 सगळ्यात वरची, आकडा वाढला की दर्जा उतरतो. ए7 जिंकून ए5 मध्ये आलेल्या कुत्र्यासमोर आता तगडी कुत्री असतात. वजनावरही लक्ष ठेवा. मागच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला तर ब्रिटनमध्ये कुत्र्याला पळूच देत नाहीत.

एवढं करूनही अंदाज सारखा हुकत असेल, तर शर्यतीआधी वहीत नाव लिहिताना एका ओळीत कारणही लिहा. निकालानंतर तेवढी ओळ तपासा. कुत्रं हरलं पण पहिल्या वळणावर तुम्ही म्हणालात तिथंच होतं, तर वाचन बरोबर होतं. जिंकलं पण भलत्याच कारणानं, तर त्या शर्यतीचं कार्ड पुन्हा वाचा.