बाजारभावाच्या नऊ ओळी: डेटा साफ करण्याचा आणि वर्कफ्लो बांधण्याचा सराव

डेटा तयार करायला शिकणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी लाखभर ओळींची फाइल उतरवून घेतात. वर्कफ्लो (कामाच्या पायऱ्यांची साखळी) चालतो, शेवटी एक आकडा येतो, आणि तो बरोबर की चूक हे सांगायला कुणीच नसतं. सरावाची फाइल छोटी हवी. तिच्यातल्या चुका आपण स्वतः पेरलेल्या हव्यात आणि उत्तर आधीच कागदावर मांडलेलं हवं. मगच प्रत्येक पायरीला ताळा करता येतो.

इथे दिलेले सराव नाइम अ‍ॅनालिटिक्स प्लॅटफॉर्ममध्ये करायचे आहेत. कॉन्स्टान्झ विद्यापीठात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्यात प्रत्येक काम म्हणजे एक नोड. नोडखाली दिवा असतो: लाल म्हणजे मांडणी अपुरी, पिवळा म्हणजे चालवायला तयार, हिरवा म्हणजे चालून झाला. हिरवा दिवा फक्त नोड चालल्याचं सांगतो, उत्तर बरोबर असल्याचं नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सरावाची फाइल

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव ज्या रकान्यांत देतं, साधारण तोच साचा घेतला आहे. फाइल कांद्याची आहे, आकडे मात्र सरावासाठी रचलेले आहेत. नोटपॅडमध्ये जसंच्या तसं टाइप करा. चौथ्या ओळीतले चार हजार देवनागरी अंकांत आणि बाकीचे आकडे इंग्रजी अंकांत, हे मुद्दाम आहे. दुसऱ्या ओळीत 'लासलगाव'नंतर एक रिकामी जागा सोडलेली आहे, तीही ठेवा.

तारीख,बाजार समिती,जात,परिमाण,आवक,किमान,कमाल,सर्वसाधारण
03/04/2024,लासलगाव,उन्हाळी,क्विंटल,12000,600,1700,1400
03/04/2024,"लासलगाव ",उन्हाळी,क्विंटल,12000,600,1700,1400
03/04/2024,पुणे,लोकल,क्विंटल,"9,000",500,1600,1200
3-4-24,कोल्हापूर,,क्विंटल,४०००,500,1800,1100
03/04/2024,कर्जत,लाल,क्विंटल,40,1500,2200,2000
13/04/2024,लासलगांव,उन्हाळी,क्विंटल,8000,700,1650,1450
13/04/2024,पुणे,लोकल,क्विंटल,--,500,1500,1150
13/04/2024,कोल्हापूर,,क्विंटल,3000,1700,600,1200
,एकूण,,,36040,,,

सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. देवनागरी अक्षरांचा कचरा दिसू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर 03/04 ही तारीख गुपचूप ४ मार्च होऊन बसते. 13/04 मात्र तशीच मजकूर म्हणून राहते, कारण तेरावा महिना नसतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या की हाच घोटाळा झालेला असतो. डावीकडच्या निदान नजरेत भरतात. उजवीकडच्या चुकलेल्या असूनही बरोबर वाटतात.

पहिला सराव: सफाई

काय मिळायला हवं ते आधी लिहून ठेवा: ९ ओळी आत, 'एकूण'ची ओळ बाजूला काढली की ८, दुबार ओळ गेली की ७. त्यातल्या ५ स्वच्छ आणि २ शंकास्पद. नाइममध्ये प्रत्येक नोडखाली टीप लिहिता येते, तिथे हा आकडा टाका.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल. ती वाचणाऱ्या सीएसव्ही रीडर नोडमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि सगळे रकाने मजकूर म्हणूनच वाचा. प्रकार ओळखण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडलं तर पहिल्या काही ओळी बघून ते अंदाज बांधतं. खऱ्या फाइलीत पुढे कुठेतरी '--' आलं की तो अंदाज कोसळतो. आकडे आणि तारखा आपण आपल्या हाताने बदलायच्या.

यानंतर रो स्प्लिटर वापरून 'एकूण'ची ओळ वेगळी काढा, पण फेकू नका. ताळा तिच्यावरच करायचा आहे.

आता नावं. स्ट्रिंग म्हणजे मजकूर. स्ट्रिंग मॅनिप्युलेशन नोडमधलं स्ट्रिप हे फंक्शन शब्दाच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढतं. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र वेगळ्या जातीची रिकामी जागा येते, शब्द न तोडणारी. ती दिसायला तशीच असते, पण स्ट्रिपला दाद देत नाही. एक्सेलचं ट्रिमही तिला सोडून देतं. तिच्या जागी साधी रिकामी जागा घालायची आणि मग स्ट्रिप चालवायचं. 'लासलगांव'चं 'लासलगाव' करायला फंक्शनांची साखळी रचू नका. टेबल क्रिएटरमध्ये दोन रकान्यांचा तक्ता ठेवा, चुकीचं रूप आणि प्रमाण रूप, आणि व्हॅल्यू लुकअपने बदला. ज्या नावांना तक्त्यात जोड मिळाली नाही त्यांच्यासाठी मूळचंच नाव कायम ठेवायचं, नाहीतर पुणे आणि कोल्हापूर रिकामे होतील. उद्या 'लासलगाव्ह' आलं तर तक्त्यात एक ओळ वाढेल, वर्कफ्लोला हात लावावा लागणार नाही.

मराठी डेटात आणखी एक खोच आहे. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर एकसंध चिन्ह म्हणून उमटतं, तर दुसऱ्यावर 'अ' आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं जोडून. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲपल बोर' गटवारीत दोनदा आलं तर कारण इथे शोधा. जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइली तर साफ करण्याच्या पलीकडच्या असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

आवकेच्या रकान्यात तीन रोग आहेत. स्वल्पविराम रिप्लेसने काढा. देवनागरी अंकांसाठी रिप्लेस कॅर्स हे फंक्शन आहे: पहिल्या यादीत शून्य ते नऊ देवनागरीत, दुसऱ्या यादीत तेच अंक त्याच क्रमाने इंग्रजीत. मग आवक आणि तिन्ही दरांच्या रकान्यांवर स्ट्रिंग टू नंबर चालवा. '--' आपोआप रिकामं होईल आणि नोडवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसेल. तो उघडून वाचा. किती जागा रिकाम्या झाल्या? एकच व्हायला हवी. तिथे शून्य भरू नका. पुण्यात त्या दिवशी कांदा आलाच नाही, असा त्याचा अर्थ होईल, आणि आपल्याला तर फक्त नोंद नसल्याचं ठाऊक आहे. सरासरी भरणं त्याहून वाईट, कारण मग बनावट आकडा खऱ्यांत मिसळून जातो.

तारखेसाठी आधी '-'च्या जागी '/' घाला, सेल स्प्लिटरने तीन तुकडे करा, दिवस आणि महिना पॅड लेफ्टने दोन अंकी करा, दोन अंकी वर्षापुढे २० लावा आणि पुन्हा जोडा. मग स्ट्रिंगची तारीख करणारा नोड. साच्यात महिन्यासाठी कॅपिटल एम लागतो. स्मॉल एम म्हणजे मिनिटं, आणि ही चूक फार जणांची होते.

दुबार ओळ आता काढा, आधी नाही. रिकाम्या जागेमुळे त्या दोन ओळी मुळात वेगळ्या होत्या. डुप्लिकेट रो फिल्टर सुरुवातीलाच लावला असता तर त्याला काहीच सापडलं नसतं आणि दिवा मात्र हिरवा झाला असता. तुलना तारीख, बाजार समिती आणि जात या तिन्ही रकान्यांवर करा. एकाच बाजारात एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी अशा दोन रास्त नोंदी असू शकतात, म्हणून जात सोडू नका.

आता ताळा. गटवार बेरीज करणाऱ्या ग्रुपबाय नोडने आवकेची बेरीज घ्या आणि बाजूला ठेवलेल्या 36040 शी ताडून बघा. बेरीज 48040 आली तर दुबार ओळ राहिली आहे. 32040 आली तर देवनागरी ४००० हरवले. 27040 आली तर स्वल्पविरामाने पुण्याचा आकडा खाल्ला, आणि 27049 आली तर 9,000 चे ९ झाले. फरकाचा आकडाच चूक कुठे आहे ते दाखवतो. खऱ्या कामातही एकूण ओळीचा असा उपयोग करावा.

शेवटी किमान आणि कमाल दर. रूल इंजिनमध्ये पहिला नियम आवक रिकामी असल्याचा ठेवा, त्याखाली हा:

$किमान$ > $कमाल$ => "दर उलटे"

नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला लागू पडणारा जिंकतो. एकही लागू पडला नाही तर नवा रकाना रिकामा राहतो. रिकामा म्हणजे ओळ स्वच्छ. कोल्हापूरच्या ओळीत सर्वसाधारण दर 1200 दोन्ही टोकांच्या मध्ये बसतो, त्यामुळे नोंदताना किमान-कमाल अदलाबदल झाली असणार हे उघड दिसतं. तरीही वर्कफ्लोने ते परस्पर बदलू नये. कारणासकट ती ओळ वेगळ्या एक्सेल फाइलीत लिहा. मूळ नोंद बघून निर्णय माणसाने घ्यायचा.

दुसरा सराव: भारित सरासरी

स्वच्छ पाच ओळींतून ३ एप्रिलचा सरासरी दर काढा. चार बाजारांच्या सर्वसाधारण दरांची साधी सरासरी १४२५ रुपये येते. भारित सरासरीत प्रत्येक दराला त्याच्या आवकेएवढं वजन मिळतं. त्यासाठी मॅथ फॉर्म्युलात आवक गुणिले दर करा, ग्रुपबायने तारखेनुसार दोन्ही बेरजा घ्या आणि भागा: ३,२०,८०,००० भागिले २५,०४०, म्हणजे १२८१.१५ रुपये. कर्जतच्या चाळीस क्विंटलांनी साध्या सरासरीत लासलगावच्या बारा हजारांएवढंच वजन मिळवलं होतं. क्विंटलमागे जवळपास १४४ रुपयांचा फरक मुख्यतः त्यामुळे पडला.

तिसरा सराव: जोडणी

जिल्ह्यांचा दुसरा तक्ता करा: लासलगाव–नाशिक, पुणे–पुणे, कोल्हापूर–कोल्हापूर, कर्जत–रायगड, कर्जत–अहिल्यानगर. जॉइनरने बाजाराच्या नावावर जोडा. पाच ओळी आत गेल्या, सहा बाहेर आल्या. कर्जत नावाचे तालुके दोन जिल्ह्यांत आहेत, म्हणून ती ओळ दुप्पट झाली. आता हेच व्हॅल्यू लुकअपने करून बघा: पाचच ओळी येतील. पण त्याने दोन जुळण्यांतली एक परस्पर उचललेली असते. ओळी जुळल्या म्हणजे जोडणी जुळली असं नाही. कळंब, शिरूर, खेड, कारंजा या नावांचंही तेच आहे. उपाय एकच: मूळ फाइलीतच जिल्हा किंवा बाजाराचा संकेतांक मागून घ्यायचा आणि दोन रकान्यांवर जोडायचं.

जॉइनरमध्ये न जुळलेल्या ओळी वेगळ्या दारातून बाहेर काढण्याची सोय आहे. ती नेहमी चालू ठेवा. जुन्या फाइलींत उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर आणि नव्यांत धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असतं. २०२३ आणि २०२४ च्या नामांतरांच्या दोन्ही बाजूंचा डेटा जोडताना या तीन जिल्ह्यांच्या ओळी गळतात, आणि ते दार बंद असेल तर पत्ता लागत नाही.

चौथा सराव: अनेक फाइली

नऊ ओळींच्या फाइलीच्या तीन प्रती करा. दुसरीत 'किमान' आणि 'कमाल' या रकान्यांची जागा बदला, तिसरीत 'आवक'चं नाव 'आवक (क्विंटल)' करा. लिस्ट फाइल्सने यादी घ्या, टेबल रो टू व्हेरिएबल लूप स्टार्टने एकेक नाव सीएसव्ही रीडरला द्या आणि लूप एंडने बंद करा. रकाने जुळले नाहीत की लूप एंड अडेल. बदलते रकाने चालवून घ्या असा पर्याय तिथे आहे, पण तो लावला की आवकेचे दोन अर्धे रिकामे रकाने तयार होतात. त्याऐवजी लूपच्या आतच रकान्यांची नावं आणि क्रम एकसारखा करा, आणि प्रत्येक ओळीसोबत फाइलीचं नाव जोडा. महिनाभराने एखादा आकडा चुकीचा निघाला तर तो कोणत्या फाइलीतून आला हे त्यावरूनच कळेल. इथे २७ ओळी यायला हव्यात.

पॉवर क्वेरी हे एक्सेलमधलं डेटा साफ करण्याचं साधन वापरणाऱ्यांना हेच सराव तिथे करता येतील. फाइल आत घेताच तिथे प्रकार बदलण्याची एक पायरी आपोआप येते. ती आधी काढून टाका आणि तारीख अगदी शेवटी बदला, तीही लोकॅल, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत, इंग्रजी (भारत) निवडून.

हे चारही सराव उत्तर न बघता जमले की पणन मंडळाच्या पानावरून एका दिवसाची कोथिंबीर घ्या. परिमाणाच्या रकान्यात काही बाजारांपुढे क्विंटल असेल आणि काहींपुढे नग. त्या दोन्हींची बेरीज होऊ शकत नाही, म्हणून ग्रुपबायमध्ये परिमाण हा गटाचा रकाना ठेवा. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरची आवक टनांत असते आणि दर क्विंटलला. एक टन म्हणजे दहा क्विंटल, तेव्हा भारित सरासरीला हात घालण्याआधी आवकेला दहाने गुणा आणि रकान्याच्या नावात एकक लिहून ठेवा.