पाच वॅट, दहा मीटर वायर आणि घाटमाथा: बाहेर बसून डीएक्स (दूरच्या देशांशी रेडिओ संपर्क) कसं करायचं

नवीन हॅम (हौशी रेडिओवाला) भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, रिग (रेडिओ सेट) कुठला घेऊ. एफटी-८१७ घ्या, आयसी-७०५ घ्या, नाहीतर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी डिझाइन केलेला यूबिटेक्स घ्या, समोरच्याच्या कानाला पाच वॅट ते पाच वॅटच. आणि "पाच वॅटमध्ये काय होतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी सरळ हिशोब सांगतो: १०० वॅट आणि ५ वॅट यातला फरक १३ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप), सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवरचा एक एस म्हणजे ६ डीबी, म्हणजे शंभर वॅटवाला जिथे एस९ ऐकू येतो तिथे तुम्ही एस७ च्या जरा खाली. एस७ म्हणजे आरामात ऐकू येणारा सिग्नल आहे. खरी अडचण ही की हे १३ डीबी आणि वर आणखी तेवढेच, खराब अँटेनात कुणाच्याही नकळत जळून जातात, आणि त्याचं खापर मग पाच वॅटवर फुटतं.

लायसन्स आहे असं धरून चालतो. ते ठराविक पत्त्यावरचं असतं, त्यामुळे बाहेरून चालवण्याबद्दल अटींमध्ये काय लिहिलंय ते वाचा, परवानगी लागत असेल तर आधी घ्या आणि झेरॉक्स सॅकमध्ये ठेवा. माळावर काठी उभी करून हेडफोन लावून बसलेला माणूस दिसला की गावातली माणसं येणारच, येऊ दे, हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावा आणि हा आवाज कुठून येतोय ते सांगा, पुढच्या वेळी तीच माणसं पाणी आणून देतात.

बॅटरी चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, ६ एएच, दिवसभर पुरते. लेड-ॲसिड पाठीवर वाहू नका.

जागा

किल्ल्यावर जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. बरेचसे किल्ले संरक्षित स्मारक आहेत, तटबंदीला दोरी बांधणं किंवा बुरुजावर काही ठोकणं हे करायचंच नाही, शिवाय रविवारी गर्दी असते. सिंहगडासारख्या ठिकाणी टॉवर डोक्यावरच असतात आणि जवळच्या जोरदार सिग्नलने छोट्या रिगचा रिसीव्हर बधिर होतो. त्यापेक्षा घाटमाथ्यावरचा एखादा बिननावाचा माळ बघा जिथून पश्चिमेला किंवा वायव्येला जमीन खाली उतरत गेलीय. युरोप आपल्याकडून वायव्येला. आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा वरचा, सिग्नल खाली परतवणारा थर) एका उडीत सिग्नल फार तर तीन-चार हजार किलोमीटर जातो, तेही तो क्षितिजाला लागून निघाला तर. पश्चिम युरोप सहा हजारांच्या पुढे, म्हणजे चांगला सुटला तर दोन उड्यांत काम होतं, तिरका वर सुटला तर तीन-चार उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत थोडा मरतो. सहा मीटरच्या काठीवरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन हातांची वायर) सपाट जमिनीवर बराचसा वरच फेकतो, पण समोर उतार असेल तर तीच वायर खालच्या कोनात काम करायला लागते. सह्याद्रीने आपल्याला हे फुकट दिलंय. कड्याच्या टोकाला मात्र नाही, दहा-पंधरा पावलं आत. आणि कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर तिथे थांबायचंच नाही, जागा बदलायची.

अँटेना, आणि माझा फुकट गेलेला हिवाळा

सगळीकडे एकच सल्ला मिळतो, एंड फेड हाफ वेव्ह (टोकाला जोडलेली, अर्ध्या वेव्हच्या लांबीची वायर) लावा, एक वायर, एक डबी, मध्ये कोॲक्स (रिगकडून येणारी केबल) लटकत नाही, काम झालं. सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धा आहे. डबीच्या आत रिग आणि वायर यांची जुळणी करणारा जो ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर असतो त्याच्याबद्दल कुणी नीट बोलत नाही आणि सगळा खेळ तिथे आहे.

माझा पहिला ट्रान्सफॉर्मर मी जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगवर गुंडाळला होता, कारण ती घरात होती आणि कुणीतरी सांगितलं होतं की कोअर (तार गुंडाळायची रिंग) कुठलाही चालतो. घरी गच्चीवर अँटेना तपासणारा ॲनालायझर लावला, २० मीटर बँडवर एसडब्ल्यूआर (रिग आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३, १५ मीटरवर १.४, ४० मीटरवर १.५. मी खूश, दहा मीटरच्या एका वायरवर तीन बँड! त्यानंतर लागोपाठ चार रविवार माळावर गेलो, संध्याकाळी युरोप इतका जोरात ऐकू यायचा की हेडफोन काढून ठेवला तरी आवाज येत होता, मी बोलवतोय, बोलवतोय, एकही माणूस उत्तर देत नाही. पहिल्यांदा वाटलं बँड खराब, मग वाटलं सूर्य खराब, मग वाटलं पाच वॅटमध्ये होतच नाही, लोक बरोबर म्हणतात. चौथ्या रविवारी ऊन उतरलं होतं, गार वारा सुटला होता, दोन मिनिटं सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) देऊन झाल्यावर डबी जरा बाजूला सरकवायला हात लावला तर डबी कोमट. उघडली, रिंगवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं, तारेच्या वार्निशचा तो जळका वास येत होता. माझे पाच वॅट हवेत जातच नव्हते, त्या रिंगमध्ये भाजी शिजवत होते.

आता यातून जे शिकलो ते नीट वाचा, कारण हेच कुणी सांगत नाही. एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगला असं अजिबात नाही. डमी लोडचा (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर १:१ असतो आणि त्यातून शेजारच्या गल्लीतही काही जात नाही. दहा मीटरची वायर २० मीटर बँडवर अर्धी वेव्ह असते, १० मीटर बँडवर पूर्ण वेव्ह, या दोन ठिकाणी तिने चांगलं दिसायचं. १५ मीटरवर ती पाऊण वेव्ह होते आणि ४० वर पाव, तिथे ट्रान्सफॉर्मरला ती जुळूच शकत नाही, एसडब्ल्यूआर खराब यायलाच पाहिजे. माझा चांगला आला तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी पॉवर खातंय. ॲनालायझरवर आलेख दरीसारखा दिसला पाहिजे, मध्ये खोल आणि दोन्ही बाजूंना चढत गेलेला. सपाट माळासारखा दिसला तर आनंद मानू नका, डबी उघडा.

योग्य कृती अशी: एफटी१४०-४३ कोअर, प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४ वेढे, सात पट म्हणजे इम्पीडन्स ४९ पट, प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेजचा कपॅसिटर. कोअर विकत घ्या, जुन्या सामानातला वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. गुंडाळून झालं की वायरच्या जागी साधारण २४०० ओहमचा रेझिस्टर लावून ॲनालायझरवर बघा, म्हणजे निदान जुळणी कळते. तोटा मोजायचा असेल तर दोन सारखे ट्रान्सफॉर्मर तोंडाला तोंड लावून जोडा, एकीकडून पाच वॅट घाला, दुसऱ्या टोकाला डमी लोडवर किती पोचतात ते बघा, कमी आले त्याचा अर्धा वाटा एकाचा. एवढं करायचं नसेल तर दोन मिनिटं मोर्सची की दाबून धरा, रिग बंद करा आणि कोअरला बोट लावा. किंचित कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर तो फेकून द्या.

खरं सांगायचं तर पहिल्या दहा वेळा एंड फेड नेऊच नका. डायपोल न्या. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, १४.०६० साठी एकूण १०.१७ मीटर, म्हणजे एका बाजूला पाच मीटरच्या जरा वर. दोन्ही बाजू सव्वापाच मीटर कापून न्या आणि जागेवर जुळवताना वायर कापू नका, टोक मागे दुमडून पिळून ठेवा, कारण आज कातळावर जी लांबी बरोबर आली ती पुढच्या वेळी ओल्या गवतावर बरोबर येईलच असं नाही. मधला फीड पॉइंट (कोॲक्स जोडायची जागा) काठीच्या टोकाला, दोन्ही पाय उलट्या व्ही सारखे खाली, मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. फीड पॉइंटला चोक (कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारं फेराइट) पाहिजेच. चोक काम करतोय का ते बघायचं असेल तर एसडब्ल्यूआर बघताना कोॲक्स हातात धरून हलवा, काटा हलला तर कोॲक्स स्वतःच अँटेना झालंय, अजून फेराइट घाला. कोॲक्स आरजी-५८ घ्या, बारीक आरजी-१७४ वजनाला हलकं असतं पण दहा मीटरमध्ये एक डीबीच्या वर खातं.

काठी फायबरग्लासची फोल्डिंग. मासेमारीची कार्बनची काठी स्वस्तात मिळाली म्हणून आणू नका, कार्बनमधून करंट जातो, वायर आणि काठी एकमेकांना खातात. प्रत्येक जोडाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा, नाहीतर वाऱ्यात काठी आपोआप खाली सरकते.

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक खुंट्या घेऊन येतात. आपल्याकडे माळावर चार बोटं माती आणि खाली कातळ नाहीतर जांभा, खुंटी शिरत नाही, वाकते. रिकामी प्लास्टिकची पोती न्या, तीन-चार, घडी करून काहीच जागा लागत नाही, जागेवर दगड भरा आणि काठीचे तीन ताण त्या पोत्यांना बांधा, काठीच्या दोन तृतीयांश उंचीवर, टोकाला नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो, तेव्हा पश्चिमेच्या बाजूचं पोतं सगळ्यात जड ठेवा. निघताना दगड होते तिथे परत टाका.

कोकणात किनाऱ्यावर बसणार असाल तर डायपोल विसरा, उभी वायर लावा. पाच मीटर उभी आणि पाच-पाच मीटरच्या दोन वायरी जमिनीपासून गुडघाभर वर ताणून, भरतीच्या रेषेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. खारं पाणी उभ्या अँटेनाला खालच्या कोनात जी ताकद देतं ती डोंगरावर कितीही उंच गेलात तरी मिळत नाही. भरतीची वेळ आधी बघून ठेवा आणि बॅटरी वाळूवर ठेवू नका.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमायला लागले की वायर खाली. वळीव येण्याआधी ४० मीटरवर कडकड आवाज वाढत जातो, तोच इशारा समजा, गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबू नका.

बोलवायची पद्धत

वेळ: २० मीटरवर युरोप चार वाजल्यापासून अंधार पडून गेल्यावरही, सकाळी जपान-ऑस्ट्रेलिया. सध्याचं २५ वं सौरचक्र २०२४ च्या सुमारास टिपेला पोचलं, त्यामुळे दुपारी १५ आणि १० मीटरही बघा, या बँडवर पाच वॅट आश्चर्य वाटावं इतके पुढे जातात. के-इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा) ५ च्या वर असेल तर उत्तरेकडचे रस्ते बंद समजा.

बसल्यावर आधी सीडब्ल्यूवर (मोर्समध्ये) दोन-तीनदा सीक्यू द्या, कॉलसाइन नीट पाठवा आणि मोबाईलवर रिव्हर्स बीकन नेटवर्क उघडा. जगभरातले ऑटोमॅटिक रिसीव्हर तुम्हाला किती डीबीने ऐकतायत ते मिनिटभरात दिसतं. माझ्याकडे तेव्हा हे असतं तर चार रविवार वाचले असते. एकाही ठिकाणी दिसला नाहीत तर ऑपरेटिंगला सुरुवात करू नका, वायरकडे जा.

मग सीक्यू देत बसू नका. जे जोरात येतायत त्यांना शोधा, ज्याचा अँटेना मोठा आहे त्याचे कानही मोठे असतात. त्याचा क्यूएसओ (चालू असलेला संपर्क) संपेपर्यंत थांबा आणि कॉलसाइन पूर्ण, एकदाच द्या. अर्धं कॉलसाइन देणं, "क्यूआरपी क्यूआरपी" (कमी पॉवर) ओरडणं, दुसऱ्याच्या वर बोलणं, हे सगळं वेळ खातं आणि समोरचा वैतागतो. पाइलअप (एकाच स्टेशनला बोलवणाऱ्यांची गर्दी) असेल तर आधी दोन मिनिटं फक्त ऐका, तो "अप" (जरा वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलवा) म्हणतोय का, कुठे ऐकतोय, कुणाला उचलतोय, आणि गर्दीच्या जरा कडेला जाऊन बोलवा.

आणि मोर्स शिका. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला परीक्षेत मोर्स नसतं म्हणून बरेच जण कायमचं सोडून देतात, पण एसएसबीला (आवाजात बोलायची पद्धत) जिथे अडीच किलोहर्ट्झची जागा लागते तिथे सीडब्ल्यूला काहीशे हर्ट्झ पुरतात, तुमची सगळी पॉवर त्या चिंचोळ्या जागेत जाते. एफटी८ (कॉम्प्युटरवर चालणारी डिजिटल पद्धत) याहूनही कमकुवत सिग्नल काढतं, १४.०७४ वर पाच वॅटमध्ये अख्खं जग दिसतं, मी वापरतो, पण माळावर लॅपटॉपची स्क्रीन उन्हात दिसत नाही आणि बॅटरी आणखी एक वाहावी लागते. नवीन ट्रान्सफॉर्मर बांधून पाचव्या रविवारी गेलो तेव्हा १४.०६० च्या आसपास इटलीतल्या एका स्टेशनने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं, मला ५५९ असा सिग्नल रिपोर्ट दिला, हात इतका थरथरत होता की त्याचं नाव मी दोनदा विचारलं. तीच काठी, तीच वायर, तेच पाच वॅट.

लॉग (संपर्कांची नोंद) यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. रात्री घरी जाऊन बदलू असं म्हणाल तर सकाळी साडेपाचच्या आधीच्या क्यूएसओची तारीख हमखास चुकते, मग समोरच्याच्या लॉगशी जुळत नाही आणि कन्फर्मेशन अडकतं. घड्याळच यूटीसीवर लावून न्या.

गुंडाळताना वायर हाताच्या कोपराभोवती गोल गुंडाळू नका, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा, पुढच्या वेळी वाऱ्यात सोडताना गुंता होत नाही. कोॲक्सच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर, दव आत गेलं की वरून काही दिसत नाही पण सिग्नल हळूहळू मरत जातो. नायलॉनचा एकही तुकडा माळावर सोडू नका, गुरं खातात.